फटफटीचं दावं

मला फटफटी चालवता येत नाही, हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मला.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं आणि माझी नोकरी त्याहून नवी. संग्रामपूरला राहायचं, सातपुड्याच्या पायथ्याची गावं हिंडायची आणि गुरांना लस टोचायची. लोक मला ढोराचा डॉक्टर म्हणत. मी डॉक्टर नव्हतो, पण ढोरं कधी तक्रार करत नसत. हिंडायला सायकल होती. तिकडचे बाभळीचे काटे असे, की टायरट्यूब तर सोडाच, एकदा माझ्या सायकलच्या घंटीतली हवा गेली. सायकल ढकलत मी एखाद्या गावात पोचेपर्यंत आजारी बैल बरा होऊन औताला जुंपलेला असायचा आणि त्याचा मालक मलाच पाणी पाजायचा.

म्हणून ठरवलं, फटफटी घ्यायची. नवी घ्यायची ऐपत नव्हती आणि मोठी घ्यायची छाती नव्हती. आमच्याकडच्या एका जमीनदाराची फटफटी मी बघितली होती. ती चालू करायला तीन गडी लागत आणि थांबवायला पाच. मला हवी होती जुनी, हलकी, गरीब स्वभावाची.

तशी एक घाटावर आहे, अशी बातमी माझ्या मामानं आणली. आमच्या जिल्ह्यात माणूस कुठला, याची दोनच उत्तरं असतात: घाटावरचा नाहीतर घाटाखालचा. आम्ही घाटाखालचे. फटफटी होती घाटावर, देऊळघाटाच्या पुढं, आडवळणाच्या एका लहान गावात, एका शेतकऱ्याकडे. मामा बैलांचा मोठा पारखी. बाजारात मामा समोरून आला की लंगडे बैल आपोआप नीट चालू लागायचे.

"मामा, फटफटीतलं तुमाले काय कळते?" मी म्हणालो.

"अन् तुले काय कळते बे? इकणारा त माणूसच असंन ना? मले माणूस कळते. चाल."

दोन एस. टी. बदलून आम्ही तिथं पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. घरधनी अंगणात दोरी वळत बसला होता. उंच, वाळलेला, डोक्याला रुमाल. मामापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा असेल. मी त्याला लगेच बाबा म्हणायला लागलो. त्यानं आमचं नाव विचारलं नाही, गाव विचारलं. संग्रामपूर म्हटल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला.

"घाटाखालचे. मंग बरं हाये."

तो आम्हाला गोठ्यात घेऊन गेला. दोन बैलांच्या पलीकडे, तिसऱ्या खुंट्यापाशी ती उभी होती. अंगावर गोधडी. गोधडी काढली तर खाली फटफटी अशी लखलखत होती, की तिच्यात बघून मी भांग पाडून घेतला.

मामानं हातातला रुमाल झटकला आणि तपासणी सुरू केली. तिच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. चाकाच्या तारा फासळ्या मोजाव्या तशा मोजल्या. खाली बसून खूर बघावेत तशी टायरं बघितली. दिव्याच्या वर कपाळावर भोवरा वगैरे आहे का, तेही बघून घेतलं.

"किती दाती?"

"जुळलेली हाये, सारे दात आले," बाबा तितक्याच गंभीरपणे म्हणाला. "चौथं वरीस."

"मारकी?"

"नाही."

"बुजते?"

"माणसाले नाही. पान्याले बुजते."

"खाते किती?"

"बैलापरीस कमी. अन् उभी असली त खातच नाही."

"वा! मंग असं जनावर इकून काऊन राह्यले?"

बाबानं गोधडीची घडी घातली. ती बैलाच्या पाठीवर ठेवली. मग म्हणाला, "चालवनारा गेला."

मामा जागच्या जागी थांबला. मी भांग विसकटला.

मुलगा मास्तर होता. एकुलता. पलीकडच्या गावच्या शाळेत शिकवायचा, रोज सकाळी जायचा, दिवेलागणीला परत यायचा. मागच्या पावसाळ्यात अंगात ताप असताना स्वतःच फटफटीवर बसून शहरातल्या दवाखान्यात गेला. निरोप आला तसा बाबाही मागोमाग गेला. दोन रात्रींत खेळ आटोपला. तोवर नदीला असा पूर आला, की गाडी काय, डोंगा उतरेना. पोराला घरी आणता आलं नाही. तिकडंच अग्नी दिला. पाणी ओसरल्यावर बाबा घरी आला, तो बैलगाडीत फटफटी घालून.

"तिनं पोराले पाह्यलं नाही," बाबा म्हणाला. ती म्हणजे त्याची बायको, मुलाची आई. "तो निंगाला तवा ती वावरात होती. ना जाताना पाह्यला, ना गेलेला पाह्यला. तिच्यासाठी तो अजून वाटंवरच हाये. रोज दिवेलागनीले रस्त्याकडं कान लावून बसते. आवाज आला की तवा ठेवाचा, अशी तिची रीत होती. तो दारात येईपर्यंत पह्यली भाकर फुगे. आता आवाज येत नाही त तवाच ठेवत नाही. अंधार पडला की सकाळचा शिळा तुकडा पान्यासंगं गियते. हातापायाच्या काड्या झाल्या. अन् दिवसभर हे पुसत बसते." त्यानं फटफटीकडं हनुवटी केली. "हे डोयासमोरून गेलं त कदाचित मन मानंन. म्हनून घाटाखालचं गिऱ्हाईक पाहून राह्यलो होतो. हिचा आवाज पुन्हा अठी आला नाही पायजे. एवढीच माही अट."

मामानं रुमाल त्याच्या हातावर टाकला. रुमालाखाली दोघांची बोटं बोलली, बाजारात बैलाचा भाव ठरतो तशी. आकडा त्या रुमालाखालीच राहू द्या. मामानं बाबाची बोटं नेहमीसारखी पिळली नाहीत, एवढं मला बाहेरून दिसलं.

"आजच्या आज न्या," बाबा म्हणाला. "येते ना चालवता?"

"म्हणजे काय!" मी म्हणालो.

घरात आवाज जाऊ नये म्हणून फटफटी ढकलत गावाबाहेर त्यांच्या खळ्यावर नेली. ज्वारीची मळणी होऊन गेली होती, खळं सारवलेलं, मोकळं होतं, मधोमध मेढ उभी. बाबानं खिशातून चावी काढून दिली. चावी म्हणजे खिळ्यासारखी एक काडी, ती दिव्याच्या मागच्या भोकात घालायची. मी ऐटीत बसलो, किक मारली, काहीतरी पिरगळलं. पुढचं मामा सांगतो ते असं: फटफटी गेली पूर्वेला, मी गेलो पश्चिमेला, आणि आमची दोघांची भेट कडब्याच्या गंजीत झाली. मला विचाराल तर गंजीच आडवी आली. गंजीतून मला पाय धरून ओढावं लागलं. कानातून कडबा तर मी पुढची दोन वर्षं काढत होतो.

"हेच येते का चालवता?" बाबा म्हणाला.

"बैलगाडीत टाकू अन् बुलडाण्यापर्यंत नेऊ," मामा म्हणाला. "तठून मोटारीच्या टपावर."

"नाही." बाबाचा आवाज एकदम कडक झाला. "एक डाव गाडीत घालून आनली हे म्या. पुन्हा नाही घालनार. हे आपल्या पायानं जाईन. शिकवतो मी याले."

आता मजा अशी, की बाबाला स्वतःला फटफटी चालवता येत नव्हती. आयुष्यात तो तिच्यावर एकदाही बसला नव्हता. पण पोराला त्यानं रोज बघितलं होतं. तो खळ्याच्या कडेला उकिडवा बसला आणि सांगू लागला, "तो डावा पाय असा टेकवे. मंग मान जराशी तिरपी करे, काहून ते मले माहीत नाही, तू बी कर. मंग हात असा, हळूहळू, दूध काढतो तसा." मी मान तिरपी केली, दूध काढल्यासारखा हात फिरवला, आणि काय सांगू, फटफटी चालली! मेढीभोवती बैल फिरतात तसा मी गरगर फिरायला लागलो. "बंद कराच्या आंधी तो दोन डाव तिले मोठ्यानं रडवे," बाबा ओरडला. मी दोनदा मोठ्यानं आवाज केला आणि बंद केली.

दिवेलागण झाली होती. एस. टी. गेली होती. फटफटी खळ्यावरच कडब्यात झाकून आम्ही मुक्कामाला घरी आलो.

अंगणात शिरलो आणि बाबा थबकला. चुलीत जाळ होता. तव्यावर भाकरी टम्म फुगली होती. दारात एक ठेंगणी, सुकलेली बाई उभी होती. आमच्या तिघांच्या मधून ती मागं रस्त्याकडं बघत होती. बराच वेळ बघितलं. मग डोळे आमच्यावर आणले आणि म्हणाली, "पाव्हने हायेत काय? या. बसा. पह्यली फुगली हे, थंडी होईन."

ती पहिली भाकरी तिनं माझ्या ताटात टाकली. लसणाची चटणी, वर तेलाची धार. मी बऱ्याच लग्नांत पंक्ती झोडल्या आहेत, पण तसं कुणी मला वाढलेलं नाही. लोणी फासल्यासारखी बोटं होती तिची. आम्हा तिघांचं झाल्यावर तिनं स्वतःला वाढून घेतलं आणि जेवली. बाबा हातातला घास तसाच धरून तिच्याकडं बघत राहिला. हात धुवायला बाहेर आल्यावर माझ्या कानाशी म्हणाला, "गरम खाल्लं तिनं. इतक्या दिवसांत आज पह्यल्यांदा."

सकाळी मामा एस. टी. नं घाटाखाली गेला. मी सुट्टीचा अर्ज त्याच्याजवळ दिला. कारण लिहिलं, मामा आजारी. तो अर्ज घेऊन मामा स्वतःच माझ्या साहेबापुढं उभा राहिला, हे मला नंतर कळलं.

आणि आमची शाळा सुरू झाली. मी खोटं बोलत नाही, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला येत होतं. येत होतं म्हणजे डावीकडं वळता येत होतं. खळ्यात बैल डावीकडूनच फिरतात, बाबानं मलाही तसंच फिरवलं. उजवीकडं वळायचं असतं हे त्यालाही सुचलं नाही आणि मलाही. पण सरळ आणि डावं पक्कं झालं. निघायला हरकत नव्हती. तेवढ्यात बाबा आकाशाकडं बघत म्हणाला, "तुह्यं वळन अजून बसलं नाही. उद्या पाहू."

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

"हो ना," मी म्हणालो. "कुठं बसलं!"

असे आम्ही दोघं लबाड. रोज सकाळी बाबा माझी नवी चूक शोधायचा आणि रोज मी ती इमानानं करायचो. शेवटी चुका संपल्या तेव्हा मी मुद्दाम पडायला लागलो. इतक्या तऱ्हांनी पडलो, की गावातली माणसं आपलं काम टाकून बघायला यायची, एका म्हातारबुवांनी तर मला विचारलं, "डाक्टर, उद्या किती वाजता पडनार हाये?" आणि दिवेलागणीला, अगदी ठरल्या वेळी, मी शेवटचा फेरा मारायचो, दोनदा मोठ्यानं आवाज करायचो, बंद करायचो. आम्ही घरी पोचेपर्यंत तव्यावरची भाकरी फुगलेली असायची.

माय जेवायची. मी तिला माय म्हणायला लागलो होतो. दिवसा ती माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तसंच बोलायची: तुहं गाव कोणतं, तुह्या घरी कोण कोण, लगन काऊन केलं नाही, तिकडच्या केळी कशा असतात. माझ्या खोलीवर माझी वाट बघणारं कुणी नव्हतं, हे तिनं दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून काढून घेतलं. तिच्या गालावर जरा मांस आलं, असं मला वाटायचं. बाबालाही वाटायचं. तो खळ्यावर विडी ओढत एकदा म्हणाला, "आवाज अठी आला नाही पायजे म्हनलं होतं मी. पाय ना. माणसाले काय कळते."

मग एक दिवस मुद्दाम पडता पडता मी खरोखरच पडलो. गुडघा टरारून सुजला. गुडघा कसला, कोहळा! बाबानं बिब्ब्याचा शेक दिला आणि दुपारपासून मला घरी ओसरीवर पडायला लावलं. तो स्वतः वावरात गेला. फटफटी खळ्यावर कडब्यात होती.

दिवेलागण झाली. माय उठली, चूल पेटवली. काटवटीत पीठ घेतलं, मळलं. तवा मात्र भिंतीला टेकवलेलाच. ती चुलीपाशी बसली आणि रस्त्याकडं कान लावला. मी तिच्यापासून चार हातांवर, भिंतीला टेकून. पोटात कावळे कोकलत होते. बाबा आला, हातपाय धुऊन बसला. जाळ विझत आला, तिनं तो पुन्हा सारला.

"माय," मी म्हणालो, "भूक लागली ना वं."

ती माझ्याकडं वळली. इतकं प्रेमानं बघितलं, की मला अजून तो चेहरा दिसतो.

"थांब लेकरा," ती म्हणाली. "आज जराक उशीर झाला त्याले. तो आला की दोघायले संगंच वाढतो."

इथं मी पदरचं काही घालत नाही. नेहमी घालतो, इथं घातलं नाही.

मी समजत होतो, की ती माझ्यासाठी तवा ठेवते. बाबाही तेच समजत होता. आम्ही दोघं मिळून रोज संध्याकाळी तिच्या मुलाला नदीच्या अलीकडं आणत होतो, खळ्यापर्यंत आणत होतो, तसाच त्याच्या वळणानं, तिरप्या मानेनं, दोनदा रडवून. आणि घरात घेऊन जात होतो मला. रोज तो खळ्यापर्यंत यायचा आणि पुढं यायचा नाही. आधी ती एका गेलेल्या मुलाची वाट बघत होती, आता रोज येणाऱ्या मुलाची बघत होती.

त्या संध्याकाळी तिनं तवा ठेवला नाही. बाबानं स्वतः उठून भाकरी थापायचा प्रयत्न केला. ती हातातच मोडली. मळलेलं पीठ तसंच राहिलं. तिनं पाण्यासंगं शिळा तुकडा गिळला आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

"गुडघा वाकते काय?" बाबानं मला विचारलं.

"वाकते."

"मंग सकाळी जाय."

सकाळी आम्ही फटफटी दारात आणली. बाबानं मायला सांगितलं, "इकली हे. घाटाखाली जाऊन राह्यली." ती उठली. आत गेली आणि बाहेर आली ती ताट घेऊन. विकलेला बैल निघतो तेव्हा करतात ते सगळं तिनं केलं. दोन्ही चाकांवर पाणी घातलं. दिव्याला हळदकुंकू लावलं. भाकरीचा तुकडा आणि गुळाचा खडा टाकीवर ठेवला, वरून हात फिरवला. मामानं फटफटीचे दात विचारले तेव्हा मला हसू आवरत नव्हतं. आता आलं नाही.

मग तिनं दिव्यामागची चावी काढली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"अवं, थे त्याले लागंन ना," बाबा म्हणाला.

"दावं नसते देत," ती म्हणाली. "ढोर द्या कोनालेबी. दावं आपल्याच खुट्याले रायते."

आमच्याकडं कुणीही जनावर दाव्यासकट देत नाही. दावं दिलं तर गोठ्याची बरकत जाते. बाबानं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. शहरात नवी करून घेऊ म्हटलं. मी पुढून धरली, बाबा मागून ढकलायला लागला. गुडघा ठणकत होता. गावातून फटफटी अशी गेली, जशी तिरडी जाते. कुणी हाक मारली नाही, कुणी कधी पडणार म्हणून विचारलं नाही. गावाबाहेर सडकेला लागलो आणि बाबानं मागून हात काढले.

"थांब."

मी थांबलो. त्याला दम लागला होता. तो रस्त्याच्या कडेला बसला.

"चुकलं पाय," तो म्हणाला. "आपन हे मुकाट्यानं आनली. तिनं जाताना आवाज ऐकलाच नाही. तवाबी ऐकला नव्हता. आज दिवेलागनीले ती पुन्हा बसंन. उद्या बसंन. मराच्या दिवशी बसंन."

"मंग?"

"मांगं फिरव. दारातून जा. तिच्या देखत, आवाज करत जा."

"बाबा, तिले लय..."

"होऊ दे," तो म्हणाला. "एकदाचं होऊ दे."

आम्ही पुन्हा ढकलत दाराशी आलो. माय तिथंच होती, ताट हातात. चावी मागायची कुणाची छाती होणार? बाबानं पायातली वहाण काढली, तिच्या टाचेचा अर्धा वर आलेला खिळा दातांनी उपसला आणि माझ्या हातात दिला. मी तो भोकात घातला. फिरला. तिनं ते बघितलं. पदराची गाठ मुठीत घट्ट धरली.

किक मारली. नाही झाली. पुन्हा मारली. नाही. त्या फटफटीला काय झालं होतं देव जाणे, मी पंधरा वेळा मारली, पन्नास वेळा मारली, गुडघ्यातून कळ डोक्यात जात होती. आणि मग ती एकदम पेटली. बैल बिथरले, कोंबड्या उडाल्या. मी डावा पाय टेकवला. मान सरळ ठेवली. त्याची लकब त्याची त्याला परत.

मागं वळून बघायचं फार मनात होतं. पण नवशिक्याला ती सोय नसते. मान जिकडं वळते तिकडं फटफटी वळते. म्हणून मी समोर बघत गेलो. भोंगा दाबून धरला तो गाव संपलं, खळं मागं पडलं, सडक लागली तरी सोडला नाही. जाणारा आवाज किती लांबपर्यंत ऐकू जातो मला माहीत नव्हतं. कमी पडायला नको.

घाट कसा उतरलो ते मी शंभर वेळा रंगवून सांगितलं आहे. उजवी वळणं मला घेता येत नव्हती, ती घाटानं आपण होऊन घेतली. एका वळणावर तर फटफटी आधी खाली गेली आणि मी तिला पुढच्या वळणावर गाठलं. लोक हसतात. त्या घाटात मी किती वेळा डोळे पुसायला थांबलो, ते गोष्टीत बसत नाही म्हणून सांगत नाही.

पुन्हा त्या गावाला मी गेलो नाही. अट होती, आणि फटफटीशिवाय गेलो असतो तरी कुठल्या तोंडानं? पावसाळा गेला, दिवाळी झाली. आणि आमच्याकडच्या बैलबाजारात मी लशी टोचत असताना समोर बाबा उभा. घाटाखाली बैल स्वस्त आहेत असं कुणीतरी सांगितलं म्हणून आलो, म्हणाला. आम्ही एका कडुनिंबाखाली बसलो. मी चहा सांगितला. माझी फटफटी लांब, बाजाराच्या टोकाला होती. त्यानं ती कुठं आहे विचारलं नाही.

"माय?" मी विचारलं.

त्यानं चहा बशीत ओतला. फुंकर घातली. प्यायला नाही.

"तू गेला तवा ती दारातच उभी होती. आवाज पार बंद झाला तरी उभीच. मले वाटलं, पडते आता. मंग आत आली, माह्यासमोर बसली. अन् इचारलं."

"काय?"

"आजलोक कधी इचारलं नव्हतं तिनं. दवाखान्यात काय झालं, कसं झालं, एक शब्द नाही. मी सांगाले गेलो त उठून जाये. त्या दिवशी म्हने, 'जाताना त्यानं मले हाक मारली काय हो?'"

बाजारात दलाल ओरडत होते. एक खोंड दावं तोडून पळालं, त्याच्यामागं माणसं पळाली.

"मंग तुमी काय सांगतलं?"

"मारली म्हनलं. दोन डाव मारली. पानी मांगून राह्यला होता. मी पाजत होतो, त पीत नव्हता. मायच्या हातचं पायजे म्हने." बाबानं बशी खाली ठेवली. "खरं होतं ना ते. इतके दिवस म्या माह्या एकट्याच्या पोटात ठेवलं होतं. मंग रडली. सात-आठ महिन्याचं एकदम रडली. शेजारच्या बाया आल्या. सुतक धरलं आम्ही त्या दिवसापासून, खरं सुतक, दहा दिवस. तवा कुठी तो गेला."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. माझ्या हाताला लशीचा वास येत होता. बोलण्यात मला अख्ख्या तालुक्यात कुणी हरवलेलं नाही. पण तिथं मला, तिला बरं वाटतं का, जेवते का, एवढंही विचारता आलं नाही.

थोड्या वेळानं त्यानं धोतर झटकलं आणि उठला.

"चाल, बैल दाखव," तो म्हणाला. "तुह्या मामाले बी बोलाव. घाटावर जाईपर्यंत अंधार पडते, अन् ती घरी एकटी हाये."